हंफ्री रेप्टन: बघणारा कुठे उभा आहे?

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा: हंफ्री रेप्टन ह्या जुन्या इंग्लिश लँडस्केप डिझायनरवर सेमिनार द्यायचाय, पण पुस्तकांत तो बहुतेक वेळा केपॅबिलिटी ब्राऊन ह्या अठराव्या शतकातल्या नावाजलेल्या इंग्लिश बागकाराच्या नंतर आलेला माणूस म्हणून दोन पानांत उरकलेला असतो, मग त्याचं स्वतःचं असं काय होतं, आणि आज साइटवर काम करणाऱ्याला त्याचा काही उपयोग आहे का.

उपयोग आहे, आणि खूप आहे. मी बरीच वर्षं लँडस्केपचं काम करतेय, फार्महाउस, शाळांची आवारं, एखादी फॅक्टरी असं, आणि क्लायंटसमोर पहिलं ड्रॉइंग ठेवताना मला आजही सगळ्यात जास्त रेप्टनच आठवतो. त्याचं अख्खं आयुष्य एका प्रश्नाभोवती फिरतं असं माझं मत आहे: ही जागा बघणारा माणूस नेमका कुठे आहे? खिडकीत आहे, घोड्यावर आहे, बग्गीत आहे, की खुर्चीत बसलाय? सेमिनारला हा एकच धागा धर, बाकी सगळं त्यात ओवलं जाईल.

आधी माणूस बघू. जन्म 21 एप्रिल 1752, इंग्लंडच्या सफोकमधलं बरी सेंट एडमंड्स. वडील अबकारी खात्यात कर गोळा करणारे अधिकारी, घर खाऊनपिऊन सुखी. मुलाने व्यापारी व्हावं अशी वडिलांची इच्छा, म्हणून बाराव्या वर्षी त्याला हॉलंडला पाठवलं, डच भाषा शिकायला. तिथे तो श्रीमंत होप कुटुंबाच्या सहवासात आला, चित्रं, संगीत, बागा, उत्तम बैठकीतलं बोलणं, आणि झालं काय की व्यापार शिकायला गेलेला पोरगा चित्र काढायला आणि बासरी वाजवायला शिकून परत आला. नॉरिचला कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली, 1773 ला मेरी क्लार्कशी लग्न, स्वतःचा धंदा काढला, तो बुडाला. आईवडील गेल्यावर थोडी रक्कम हातात आली तेव्हा नॉरफोकमधल्या सस्टेड गावी जाऊन राहिला, शेती बघायची, स्केचेस करायची, आणि शेजारच्या फेलब्रिगच्या विल्यम विंडहॅमच्या लायब्ररीत बसून वनस्पतीशास्त्र वाचायचं. 1783 ला विंडहॅमला आयर्लंडमध्ये मोठं सरकारी पद मिळालं तेव्हा त्याचा सेक्रेटरी म्हणून गेला, तेही काही महिन्यांत संपलं. मग जॉन पामरच्या टपाल-बग्ग्यांच्या योजनेत पैसे घातले, योजना जोरात चालली पण रेप्टनच्या हाती काही आलं नाही. शेवटी खर्च कमी करायला म्हणून लंडनजवळ एसेक्समधल्या हेअर स्ट्रीट गावात एक छोटं कॉटेज घेतलं आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

1788, वय 36, घरात लहान मुलं, धड एकही धंदा जमलेला नाही. आणि ह्या माणसाने ठरवलं की आपण लँडस्केप गार्डनर व्हायचं. ब्राऊनला जाऊन पाच वर्षं झाली होती, त्याची जागा रिकामी होती, हे रेप्टनने बरोबर हेरलं. ओळखीपाळखीच्या सगळ्या बड्या लोकांना पत्रं धाडली, एक सुंदर बिझनेस कार्ड छापून घेतलं ज्यात तो स्वतः तळ्याकाठी थिओडोलाइट, म्हणजे जमीन मोजायची दुर्बीण, लावून सर्व्हे करताना दिसतो आणि मागे मजूर काम करतायत, आणि त्याच वर्षी नॉरिचजवळच्या कॅटन पार्कचं पहिलं पैशाचं काम मिळालं. पुढच्या काही वर्षांत होल्कम, कोबम, वेंटवर्थ, टॅटन अशा मोठमोठ्या इस्टेटींची नावं त्याच्या यादीत आली. ज्या गोष्टी आतापर्यंत नुसते छंद वाटत होत्या, म्हणजे वॉटरकलर, झाडांची ओळख, श्रीमंतांच्या घरात वावरायची सवय, चांगलं लिहिता येणं, त्या सगळ्या एकाच धंद्यात कामाला आल्या.

आता ब्राऊनशी तुलना. इथे पुस्तकं नेहमी शैलीबद्दल बोलतात, पण मला वाटतं फरक आधी धंद्याच्या पद्धतीत आहे आणि मग शैलीत. ब्राऊन ठेकेदार होता. डिझाइन त्याचं, माणसं त्याची, माती उकरायची, तळं बांधायचं, झाडं लावायची, सगळं तो अंगावर घ्यायचा आणि त्यात त्याने भरपूर कमावलं. रेप्टन फक्त सल्ला द्यायचा. दिवसाची फी, प्रवासखर्च, आणि रिपोर्टचे वेगळे पैसे, पुढचं काम मालकाने आपल्या माणसांकडून करून घ्यायचं. त्याची दिवसाला पाच गिनी (गिनी म्हणजे तेव्हाचं इंग्लिश सोन्याचं नाणं) ही फी इतकी माहितीची होती की जेन ऑस्टिनच्या 1814 च्या 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये एक पात्र रेप्टनचं नाव घेऊन तोच आकडा सांगतं. सल्लागार असण्याचा तोटा तुला लगेच कळेल: मालकाला आवडेल तेवढं तो करणार, उरलेलं कागदावर राहणार. म्हणून रेप्टनच्या शेकडो प्रस्तावांतले पूर्ण जसेच्या तसे झालेले फार थोडे आहेत, आणि म्हणूनच त्याचं मोठेपण जमिनीवर शोधायला गेलं की तो दुय्यम वाटतो. त्याला शोधायचं असेल तर त्याच्या रेड बुक्समध्ये शोधावं लागतं.

रेड बुक हे प्रकरण नीट समजून घे, सेमिनारचा निम्मा वेळ ह्यावर दिलास तरी चालेल. प्रत्येक जागेसाठी हाताने लिहिलेलं, वॉटरकलर चित्रांचं एक छोटं पुस्तक, बहुतेक वेळा लाल मोरोक्को चामड्यात बांधलेलं, त्यावरून ते नाव. आत मजकूर असा की जागेचं कॅरॅक्टर काय आहे, घराची दिशा, येण्याचा रस्ता, पाणी, झाडी, आणि काय बदलायचं व का. आणि चित्रांवर एक कागदी झडप चिकटवलेली, तिला तो स्लाइड म्हणायचा. झडप खाली असताना आजची जागा दिसते, उचलली की तीच जागा सुधारल्यानंतर. विचार कर, हे 1790 च्या आसपासचं आहे. आपण आज बिफोर-आफ्टर दाखवतो, स्लायडर सरकवतो, ते सगळं ह्या माणसाने कागद, कात्री आणि ब्रशने केलेलं. त्यात एक गोष्ट फार हुशारीची आहे: झडप सगळं चित्र झाकत नाही, फक्त जे बदलायचं तेवढाच तुकडा झाकते. त्यामुळे उचलल्यावर मालकाची नजर बरोबर बदलावरच जाते आणि बाकीची ओळखीची टेकडी, चर्चचं टोक, जुना ओक जागच्या जागी असतो, म्हणून भरवसा बसतो की ही माझीच जागा आहे. मी हे सरळ उचललंय, क्लायंटला कधीच पूर्ण नवीन व्ह्यू दाखवत नाही, त्याने स्वतः उभं राहून मोबाइलवर काढलेल्या फोटोवरच ट्रेसिंग पेपर ठेवून काढते.

ह्या पद्धतीवर टीका पण तेव्हाच झाली आणि ती रास्त होती. कवी विल्यम मेसनची तक्रार होती की हा कागदावर झाडं इतकी देखणी रंगवतो की बड्या लोकांना वाटतं ती तशीच उगवणार. थ्रीडी रेंडर बघून 'मॅडम आमचा बहावा असा कधी दिसणार' असं विचारणारा क्लायंट ज्याने बघितलाय त्याला मेसनचं म्हणणं लगेच पटेल. चित्रात झाड वीस वर्षांचं असतं आणि खड्ड्यात लावलेलं रोप कमरेएवढं. त्यामुळे चित्राखाली वर्ष लिहायची सवय लाव, हे चित्र लावणीनंतर कितव्या वर्षाचं आहे ते.

मोजमापाबद्दल तो फार काटेकोर होता, हे लोक विसरतात कारण चित्रं गोड आहेत. मोठ्या मैदानात अंतर आणि उंची डोळ्याला कळत नाही, मग तो तिथे गाई-मेंढ्या चरायला सोडायला सांगायचा, तळ्यात होडी ठेवायला सांगायचा, झाडीच्या पलीकडे झोपडी असेल तर तिचा धूर दिसू दे म्हणायचा, कारण माणसाला गाईचा आकार माहीत असतो आणि त्यावरून बाकीचं आपोआप मोजलं जातं. ब्रिस्टलच्या ब्लेझ कासलला ती झोपडी आणि धुराची कल्पना छान सांगितलीय त्याने. आपल्याकडे मोठ्या लॉनच्या टोकाला एक साधा बाक ठेवून बघ, लॉन केवढं आहे ते तेव्हा कळतं.

त्याचे चार नियम सगळीकडे छापलेले असतात, थोडक्यात सांगते: जागेतलं नैसर्गिक सौंदर्य दाखवा आणि उणिवा झाका, हद्द लपवून जागा मोठी आणि मोकळी भासू द्या, माणसाने केलेली कारागिरी दिसू देऊ नका, आणि नुसत्या सोयीच्या वस्तू शोभत नसतील तर नजरेआड करा. हे तसे ब्राऊनचेच नियम आहेत. गंमत अशी की रेप्टन जसजसा पुढे गेला तसा त्याने ह्यातला तिसरा नियम स्वतःच ढिला केला. ब्राऊनच्या काळात गवत थेट घराच्या भिंतीला येऊन भिडायचं, म्हणजे दार उघडलं की मेंढ्या. रेप्टनने घराजवळ परत गच्चीसारखी टेरेस आणली, कठडे आणले, फुलांचे वाफे, जाळीचे मांडव, काचघर आणलं. त्याचं म्हणणं असं की घराजवळ माणूस राहतो, तिथे माणसाचा हात दिसला तर बिघडत नाही, उलट तो दिसलाच पाहिजे, आणि दूर जाता जाता बाग पार्कमध्ये आणि पार्क रानात मिसळू दे. पुढच्या अख्ख्या शतकातली इंग्लिश बाग ह्या एका कबुलीतून निघाली असं म्हटलं तरी चालेल.

1794 ला मोठं भांडण झालं. रिचर्ड पेन नाइट आणि युवेडेल प्राइस, दोघे जमीनदार, दोघांनी त्या वर्षी पुस्तकं काढली की बाग ही चांगल्या निसर्गचित्रासारखी असावी, खडबडीत, जुनाट, रानटी, ब्राऊन आणि त्याचे चेले सगळं गुळगुळीत करून टाकतात. टॅटन पार्कच्या रेड बुकमध्ये रेप्टनने मैलांच्या दगडांवर मालकाचं कुलचिन्ह कोरायचं सुचवलं होतं, नाइटने त्यावरून त्याला चांगलंच सोललं, आणि खरं सांगायचं तर त्या मुद्द्यावर मी नाइटच्या बाजूने आहे. पण रेप्टनने जे उत्तर दिलं ते मला त्याच्या सगळ्या लिखाणात सगळ्यात मोलाचं वाटतं. तो म्हणतो, चित्रकार एका जागी उभा राहून बघतो, बागेतला माणूस चालत असतो. डोळ्याला जेवढं रुंद दिसतं तेवढं फ्रेममध्ये मावत नाही. उंचावरून उतारावर खाली बघताना जे दिसतं ते चित्रात धड येतच नाही. चित्रात प्रकाश एकाच बाजूचा आणि एकाच वेळेचा, बागेत तो दिवसभर फिरतो. चित्रातला पुढचा भाग चित्रकार हवा तसा बनवतो, बागेत तिथे घराचा व्हरांडा आणि रस्ता असतो, तिथे काटेरी झुडपं ठेवून लोकांनी राहायचं कसं? हे सांगणारा माणूस स्वतः पोट चित्रांवर भरत होता, हे लक्षात घे. आपलं सगळ्यात मोठं हत्यार कुठे कमी पडतं हे त्याला पक्कं माहीत होतं.

आर्किटेक्ट जॉन नॅशबरोबरची भागीदारी मी लांबवत नाही. 1790 च्या दशकात काही वर्षं दोघांनी मिळून कामं केली, रेप्टन बाग आणि नॅश घर, रेप्टनचा मोठा मुलगा जॉन एडी, जो जन्मापासून बहिरा होता आणि अतिशय चांगला ड्राफ्ट्समन होता, तो नॅशच्या ऑफिसात काम करायचा. पैसे आणि मुलाच्या कामाचं श्रेय ह्यावरून 1800 च्या सुमारास फाटलं.

पण पुढचा भाग आपल्यासाठी रंजक आहे. ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिनकोट म्हणून एक घर आहे, ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलचं, घुमट आणि छज्जे असलेलं हिंदुस्थानी पद्धतीचं. तिथे रेप्टनला सल्ल्याला बोलावलं होतं आणि थॉमस डॅनियलने भारतात काढलेली चित्रं त्याने तिथे नीट बघितली. हा डॅनियल 1793 ला मुंबईत होता, त्याला घारापुरी, कार्ले वगैरे लेणी दाखवली जेम्स वेल्सने, म्हणजे तोच स्कॉटिश चित्रकार ज्याने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढली. वेल्सची वेरूळची रेखाटनं डॅनियलनेच 1803 ला इंग्लंडमध्ये छापून काढली. सेझिनकोटच्या बागेत आज नंदी बसवलेला पूल आहे, सूर्याचं छोटं देऊळ आहे, आणि पुलाखालचे खांब घारापुरीवरून घेतलेत असं सांगतात. रेप्टन ह्या सगळ्याने इतका भारावला की प्रिन्स ऑफ वेल्सने ब्रायटनच्या पॅव्हिलियनसाठी, म्हणजे आपल्या समुद्रकाठच्या महालासाठी, विचारलं तेव्हा त्याने पूर्ण हिंदुस्थानी पद्धतीचं डिझाइन दिलं. राजपुत्र खूश झाला, पण पैसा नव्हता. रेप्टनने ते डिझाइन 1808 ला पुस्तक म्हणून छापलं. काम शेवटी 1815 ला सुरू झालं आणि मिळालं नॅशला. ज्या माणसाशी बिनसलं त्याच्याच हाती आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम गेलेलं बघणं किती कठीण असेल.

त्याआधी 29 जानेवारी 1811 ला आणखी वाईट झालं होतं. मुलींना घेऊन एका नाचाच्या समारंभावरून रात्री परत येताना बर्फाळ रस्त्यावर बग्गी उलटली, त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि पुढची सात वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्याला बराचसा वेळ चाकाच्या खुर्चीत काढावा लागला. फ्रान्सशी चाललेल्या लढायांमुळे करही वाढले होते, जुन्या जमीनदारांकडे बागांवर उडवायला पैसा कमी होता, कामं आटली. आणि नेमक्या ह्याच काळात त्याने सगळ्यात मोकळं, सगळ्यात नवं काम केलं. हर्टफर्डशायरच्या अ‍ॅशरिजला एकाच आवारात वेगवेगळ्या पंधरा बागा सुचवल्या, त्यात गोल गुलाबबाग. डेव्हनच्या एंड्सलीला उतारावर त्याला उचलून न्यावं लागलं तरी गेला.

1816 च्या 'फ्रॅगमेंट्स' ह्या शेवटच्या मोठ्या पुस्तकात तो सरळ लिहितो की आता मी चालू शकत नाही म्हणून बाग मला वेगळी दिसते. खुर्ची खडीच्या वाटेवर नीट चालत नाही, गवतावर चालते. वाकता येत नाही, तर वाफे उंच करा, म्हणजे बसल्या जागी स्ट्रॉबेरी तोडता येतील, फुलांचा वास घेता येईल. दोनशे वर्षांपूर्वी, अ‍ॅक्सेसिबिलिटी वगैरे शब्द कुणाच्या डोक्यातही नसताना. मी वृद्धाश्रमाच्या आवाराचं काम केलं तेव्हा वाफ्यांची उंची नकाशावर ठरवली नाही, व्हीलचेअरमध्ये बसून हात लांब करून ठरवली. रेप्टनने ते शिकवलं. ह्या एका प्रकरणासाठी मला तो ब्राऊनपेक्षा जवळचा वाटतो आणि ते मी उघडपणे सांगते.

त्याच पुस्तकात त्याच्या स्वतःच्या हेअर स्ट्रीटच्या कॉटेजचं बिफोर-आफ्टर आहे, ते सेमिनारमध्ये दाखवच. आधीच्या चित्रात खिडकीसमोर गावाचं मोकळं मैदान, त्यात बदकं, खाटकाच्या दुकानात टांगलेलं मांस, आणि कुंपणाशी येऊन उभा असलेला एक लंगडा भिकारी. झडप उचलली की कुंपण बरंच पुढे सरकलेलं, म्हणजे सार्वजनिक जागेतला तुकडा ह्याच्या बागेत आलेला, फुलझाडांनी खाटकाचं दुकान झाकलेलं, आणि भिकारी नाही. रस्ता मात्र त्याने ठेवला, कारण जाणाऱ्या-येणाऱ्या बग्ग्या बघायला त्याला आवडायच्या. चित्र सुरेख आहे, आणि मला ते बघून दर वेळी त्रास होतो. कारण ह्याच 'फ्रॅगमेंट्स'मध्ये दुसरी एक जोडी आहे जिथे तो नेमकं उलट बोलतो: जुन्या मालकाच्या काळात रस्त्याकडेला वाटसरूंसाठी बाक, वर झाडाची सावली, आत यायला पायऱ्या, आणि नव्या पैसेवाल्या मालकाने झाडं तोडली, बाक काढला, उंच कुंपण घातलं आणि सापळे लावलेत अशी पाटी ठोकली. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेव आणि वर्गाला विचार की बघणारा कोण आहे. एकात रेप्टन रस्त्यावरून चालणाऱ्याच्या डोळ्याने बघतोय, दुसऱ्यात आपल्या खिडकीतून, आणि खिडकीत बसला की त्यालाही भिकारी नकोसा होतो. आपण सोसायटीच्या कंपाउंडला मेंदीचं दाट कुंपण सुचवतो तेव्हा हेच करत असतो, फुटपाथवरच्या माणसाला काय दिसणार ह्याचा विचार बहुतेक वेळा कोणी करत नाही.

आणि शेरिंगम. नॉरफोकच्या समुद्रकाठचं, 1812 चं, अपघातानंतरचं काम, अ‍ॅबट आणि शार्लट अपचर ह्या तरुण जोडप्यासाठी. आपलं सगळ्यात लाडकं काम असं त्याने स्वतः म्हटलंय. समुद्र इतका जवळ, आपण असतो तर घर समुद्राकडे तोंड करून बांधलं असतं. त्याने घर टेकडीच्या आडोशाला, दक्षिणेकडे तोंड करून ठेवलं, कारण उत्तर समुद्राचा वारा रोज सोसायचा असतो आणि दृश्य कधीतरी बघायचं असतं. आणि येण्याचा रस्ता झाडीतून असा वळवला की एका वळणावर घर आणि मागे समुद्र एकदम उघडे पडतात. कोकणात सी-व्ह्यू प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण सांगते. त्याच रेड बुकमध्ये त्याने असंही सुचवलंय की महिन्यातून एक दिवस गावातल्या गरिबांना जंगलात वाळकी लाकडं गोळा करायला येऊ द्यावं. अ‍ॅबट अपचर 1819 ला, त्या घरात राहायला जायच्या आधीच वारला. रेप्टन त्याच्याही आधी, 24 मार्च 1818 ला गेला, नॉरफोकमधल्या एल्शमच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं, थडग्यावर त्याच्याच ओळी आहेत की माझी माती गुलाबाच्या रंगरूपात जावो. शेरिंगम आज नॅशनल ट्रस्ट ह्या जुन्या वास्तू आणि जागा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आहे, आणि त्याच्या कल्पनेवरून एक छोटं मंदिर तिथे 1975 ला बांधलं गेलं.

वाचायला सुरुवात कुठून करायची तर त्याच्या 1803 च्या 'ऑब्झर्व्हेशन्स' ह्या पुस्तकापासून नको, ते जड जाईल. 1816 चं 'फ्रॅगमेंट्स' आधी घे, त्यातली चित्रं बघत बघत, आणि मग मागे जा. बागांवर लिहिणाऱ्या जॉन क्लॉडियस लाउडनने 1840 ला त्याचं सगळं लिखाण एकत्र छापलं, जुनी पुस्तकं असल्याने स्कॅन सहज मिळतात, पण झडपा नीट स्कॅन केलेली प्रत बघ, काहींमध्ये फक्त झाकलेलंच चित्र असतं. आणि स्लाइड शोऐवजी एक खरी झडप करून ने. तुमच्या कॉलेजच्या गेटचं चित्र काढ, फक्त बदलायचा तुकडा वरच्या कागदावर, डिंकाने एका कडेला चिकटव, आणि वर्गातल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने उचलू दे. वर चित्राच्या कोपऱ्यात दोन गोष्टी लिही: बघणारा कुठे उभा आहे, आणि हे कितव्या वर्षाचं दृश्य आहे. काही अडलं तर इथेच विचार, रेड बुकच्या मजकुराची रचना कशी असायची ते हवं असेल तर तेही सविस्तर सांगते.